घोरणे थांबते तेव्हा हृदयात काय घडते?

गणपतीत कोकणातले घर भरते. मुंबईचे चाकरमानी येतात. माजघरात बायका-मुले, ओटीवर आणि पडवीत पुरुष, चटईला चटई लावून झोपतात. भजन आटोपते, दिवे मालवले जातात आणि थोड्याच वेळात कुणाचे तरी घोरणे सुरू होते. सकाळच्या चहाला त्याची नक्कल होते, सगळे हसतात आणि विषय संपतो. या नकलेत एक भाग मात्र नेहमी गळतो. घोरण्याचा आवाज कुणालाही काढता येतो. पण तो मध्येच बंद पडून पंधरा-वीस सेकंद जी शांतता पसरते आणि मग घुसमटल्यासारखा एकदम मोठा श्वास येतो, त्याकडे हसणाऱ्यांचे लक्ष नसते. डॉक्टरच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची असते ती ही शांतता.

सरकारी रुग्णालयात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या पुरुषांना ‘झोप कशी लागते?’ असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : पाठ टेकली की लागते. सोबत बायको आली असेल तर मी तोच प्रश्न तिला विचारतो. मसुऱ्याच्या बाजूची एखादी बाई मग सांगते, ‘डॉक्टरानू, ह्येंचा घोरणा बंद झाला की माका जाग येता.’ घोरण्याची तिला सवय झालेली असते. ते थांबले की ती दचकून उठते आणि नवऱ्याचा श्वास पुन्हा सुरू होईपर्यंत अंधारात वाट बघते. स्लीप अॅप्निया या आजाराचे याहून नेमके वर्णन मी वैद्यकाच्या पुस्तकातही वाचलेले नाही. ती वाट बघत असते तेवढ्या वेळात शेजारी झोपलेल्या माणसाच्या हृदयात बरेच काही घडून जाते. आजचा लेख त्याविषयी आणि त्यावरच्या उपचारांविषयी आहे.

हवेची वाट मिटते

जीभ, टाळू आणि पडजीभ यांच्या मागून जाणारी हवेची वाट काही पाइपासारखी कडक नाही. ती स्नायूंच्या ताणामुळे उघडी राहते. झोप लागली की हे स्नायू सैल पडतात. वाट अरुंद झाली की तिच्या भिंती हवेने थरथरतात. त्यालाच आपण घोरणे म्हणतो. वाट पूर्ण मिटली तर छाती-पोट श्वास घेण्यासाठी धडपडत राहते, पण हवा आत जात नाही. असे निदान दहा सेकंद झाले की त्याला अॅप्निया म्हणतात. हवा पूर्ण न थांबता बरीच कमी झाली आणि रक्तातला ऑक्सिजन घसरला, तर तीही घटना मोजली जाते.

अशा घटना तासाला किती होतात, यावर आजाराची तीव्रता ठरते. पाच ते पंधरा असतील तर सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा श्वास अडतो आणि दोनशे दहा वेळा मेंदू त्या माणसाला क्षणभर जागा करून वाट उघडतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. आठवते ते एवढेच, की आठ तास झोपूनही अंग जड आहे, तोंड कोरडे पडले आहे, डोके दुखते आहे.

हा आजार दुर्मीळ नाही. मुंबईच्या पी. डी. हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास केला. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती. त्यांच्यातल्या काहींची घरी झोपेची तपासणी करून २००४ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा अडत होता, आणि त्याबरोबर दिवसा पेंग येण्याचा त्रास असलेले ७.५ टक्के होते. म्हणजे शहरातल्या मध्यमवयीन पुरुषांत साधारण पाचांत एक आणि तेरांत एक. कोकणातल्या किती घरांतले कर्ते पुरुष याच मुंबईत याच वयात नोकरी करतात, हे वेगळे सांगायला नको. पुढे २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून भारतात सुमारे १०.४ कोटी प्रौढांना हा आजार असावा, असा अंदाज मांडला.

संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांना ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया आणि वारंवार होणारा छातीचा संसर्ग होता, असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले आणि हा शब्द पहिल्यांदाच अनेक घरांत पोहोचला. पण शब्द पोहोचला तरी तो आपल्याच पडवीत झोपलेल्या माणसाला लागू असेल, हे अजून पुरते पोहोचलेले नाही.

नाडीची रात्रभर चढउतर

निरोगी माणसाची झोप ही हृदयाची विश्रांती असते. नाडी मंदावते आणि रक्तदाब दिवसाच्या तुलनेत दहा ते वीस टक्के उतरतो. स्लीप अॅप्नियात नेमकी ही विश्रांती हिरावली जाते.

खाडीत बुडी मारणाऱ्या माणसाची नाडी पाण्याखाली मंदावते. श्वास रोखला आणि चेहऱ्याला गार पाणी लागले की कमी ऑक्सिजनमध्ये भागवण्यासाठी शरीर हृदयाचा वेग आपोआप उतरवते. झोपेत श्वास अडतो तेव्हाही अनेकांत असेच होते. नाडी साठवरून पन्नासवर, कधी त्याहूनही खाली येते. मग ऑक्सिजन घसरतो, मेंदू धोका ओळखतो आणि संकटात शरीराला सज्ज करणारी चेतासंस्था जागी होते. वाट उघडते, मोठा श्वास येतो, आणि त्याच क्षणी नाडी नव्वद-शंभरवर उसळते. रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे रक्तदाबही झपकन चढतो. थोडे स्थिरावते न स्थिरावते, तोच पुढची बुडी. बुडी मारणारा वर येऊन निवांत दम घेतो. या माणसाला तेवढी उसंतही मिळत नाही.

रात्रभराच्या हृदयालेखात ही चढउतर भरती-ओहोटीसारखी एका ठेक्यात दिसते. अमेरिकेतील स्टॅनफर्डचे डॉ. ख्रिस्तियन गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचे वर्णन केले. आज अशा नोंदी वेगळ्याच वाटेने समोर येतात. मुंबईला नोकरी करणारा मुलगा वडिलांना मनगटी स्मार्टवॉच भेट देतो आणि महिन्याभराने फोन करून विचारतो, ‘बाबांची नाडी रात्री बेचाळीस दाखवते आणि लगेच एकशे दहा. हृदय बिघडलं का?’ घड्याळाच्या आकड्यावरून निदान करता येत नाही. पण रात्रभर असा नमुना पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर हृदयाच्या तपासणीबरोबर झोपेची तपासणीही हवी.

यात एक मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. काही रुग्णांत रात्री हृदयाचे ठोके इतके मंदावतात, की मध्ये काही सेकंदांचा खंड पडतो आणि पेसमेकर बसवण्याची चर्चा सुरू होते. हृदय इतके मंद फक्त झोपेत होत असेल, तर आधी स्लीप अॅप्निया आहे का ते पाहावे आणि असल्यास त्यावर उपचार करावेत, असे अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. श्वासाचा अडथळा दूर झाला की ठोक्यांतले हे खंड पुष्कळदा नाहीसे होतात आणि छातीत यंत्र बसवण्याची गरज उरत नाही.

ठोक्यांच्या वेगाइतकीच महत्त्वाची आहे छातीतली ओढ. बंद वाटेविरुद्ध श्वास ओढताना छातीत मोठा ऋण दाब तयार होतो. बाटलीचे तोंड दाबून धरून आत हवा ओढल्यासारखे ते असते. त्या दाबाने हृदयाचे पातळ भिंतीचे वरचे कप्पे ताणले जातात. वर्षानुवर्षे रोज रात्री शेकडो वेळा ताणले गेलेले हे कप्पे पुढे बेताल थरथरू लागण्याची शक्यता वाढते. या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात आणि त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. रोज रात्री चढणारा रक्तदाब हळूहळू दिवसाही उतरेनासा होतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब ताब्यात येत नसेल, तर त्यामागे दडलेल्या कारणांत स्लीप अॅप्निया वरच्या क्रमांकावर आहे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू आलेल्या लोकांची वेळ तपासली. मध्यरात्र ते पहाटे सहा या काळात स्लीप अॅप्निया नसलेल्यांपैकी २१ टक्के मृत्यू झाले होते. आजार असलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. ज्या वेळी हृदय सगळ्यात सुरक्षित असायला हवे, नेमकी तीच वेळ या रुग्णांसाठी धोक्याची ठरली होती.

हवेचा आधार

पूर्वी तीव्र आजारावर गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वेगळी वाट करण्यावाचून फारसा इलाज नव्हता. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिवन यांनी पाच रुग्णांवर केलेला साधा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा दिली, तर त्या हवेच्या आधाराने घशातली वाट मिटत नाही. या उपचाराला सीपॅप म्हणतात. हे यंत्र ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा ठरलेल्या दाबाने मास्कमधून देते. मिटणाऱ्या वाटेला आतून हवेचा टेकू, इतकेच त्याचे काम.

याचा परिणाम पहिल्याच रात्री दिसतो. श्वास अडत नाही, म्हणून ऑक्सिजन घसरत नाही. मेंदूला दचकून उठावे लागत नाही, म्हणून नाडीची चढउतर सपाट होते. बऱ्याच रुग्णांना दुसऱ्या दिवशी सकाळी अनेक वर्षांनी झोप झाल्यासारखे वाटते. दिवसाच्या नाडीत मात्र फार मोठा बदल होईल अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे फरक सरासरीने काही थोड्या ठोक्यांचाच असतो. रक्तदाबही सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतो. ज्यांचा रक्तदाब औषधांना दाद देत नाही, त्यांना फायदा थोडा अधिक मिळतो. म्हणून ‘मशीन घेतले, आता बीपीची गोळी बंद’ हा हिशेब चुकीचा आहे. गोळी चालूच राहते; ती कमी करायची की नाही, हे मोजमाप पाहून डॉक्टर ठरवतात.

मग मोठा प्रश्न : सीपॅपने हृदयविकाराचा झटका टळतो का? याचे सरळ ‘हो’ असे उत्तर देता आले असते तर बरे झाले असते. २०१६ मध्ये ‘सेव्ह’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेले २,७१७ रुग्ण होते आणि भारतातील केंद्रांचाही सहभाग होता. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सीपॅप दिले. सरासरी पावणेचार वर्षांनंतर दोन्ही गटांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. सीपॅप घेणाऱ्यांची पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली, कामावरच्या गैरहजेरीचे दिवस घटले. पण झटके कमी झाले नाहीत.

त्या चाचणीतला एक आकडा मात्र नीट पाहायला हवा. रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी फक्त ३.३ तास लावले होते. उरलेली अर्धी रात्र हृदयाला त्याच बुड्या माराव्या लागत होत्या. त्यातही पहाटेची झोप, जिच्यात स्वप्ने अधिक पडतात आणि स्नायू सगळ्यात सैल असतात, अनेकदा मास्कविनाच जाते. २०२३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात अशा तीन चाचण्यांतील ४,१८६ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. सरसकट सगळ्यांचा विचार केला तर फायदा दिसला नाही. पण ज्यांनी यंत्र रोज चार तास किंवा अधिक वापरले, त्यांच्यात हृदय आणि मेंदूच्या अशा घटनांचा धोका सुमारे ३० टक्के कमी आढळला. नियमाने यंत्र लावणारा माणूस गोळ्याही नियमाने घेतो, चालतो, पथ्य पाळतो; त्यामुळे हे सगळे श्रेय यंत्राला देता येणार नाही. तरी कपाटात ठेवलेल्या यंत्राचा हृदयाला काही उपयोग नाही, एवढे नक्की.

धोका कुणाला अधिक, याचा एक धागा नाडीतच सापडू लागला आहे. हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की प्रत्येक वेळी श्वास सुटताना ज्यांची नाडी जास्त उसळते, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका अधिक असतो. २०२२ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा सीपॅपचा हृदयाला होणारा फायदाही अशा उसळणाऱ्या नाडीच्या रुग्णांत जास्त दिसला. म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडला एवढेच मोजणे पुरेसे नाही. प्रत्येक वेळी हृदयाला किती दणका बसला, हेही पुढे मोजावे लागेल. रोजच्या उपचारात हे माप अजून रुळलेले नाही, पण दिशा पटण्यासारखी आहे.

यंत्र मुंबईत, माणूस गावात

उपचार थांबवल्यावर काय होते, याचा चांगला पुरावा झुरिकमधल्या एका प्रयोगातून मिळाला. तिथल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये सीपॅपवर चांगले स्थिरावलेले ४१ रुग्ण घेतले. काहींचा उपचार तसाच ठेवला, काहींचा दोन आठवड्यांसाठी काढून घेतला. ज्यांचा काढला त्यांचा आजार काही दिवसांतच परतला. दोन आठवड्यांनी त्यांचा सकाळचा वरचा रक्तदाब साडेआठ अंकांनी चढला होता आणि सकाळची नाडी मिनिटाला सहा ठोक्यांहून अधिक वाढली होती.

हा प्रयोग आपल्याकडे दरवर्षी भाद्रपदात आपोआप होतो. मुंबईत सीपॅप वापरणारा माणूस गणपतीला गावी येतो, तेव्हा यंत्र बहुधा तिथेच ठेवून येतो. सामान खूप असते, पडवीत प्लगपॉइंट नसतो, आणि खरे कारण म्हणजे चार भावकीच्या माणसांसमोर नाकावर मास्क लावून झोपायची लाज वाटते. ‘दहा दिवसांनी काय होते?’ असा प्रश्न विचारला जातो. झुरिकच्या प्रयोगाने त्याचे उत्तर दिले आहे. त्यात जाग्रणे, अपुरी झोप, गोडधोड आणि काहींच्या बाबतीत रात्रीचा पेला यांची भर पडते. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल होतात, म्हणून त्या रात्री श्वास अधिक वेळ अडतो. शेवटी हाच माणूस अर्धवट झोपेत मुंबई-गोवा महामार्गावर स्टिअरिंगला बसतो. चष्मा लावून झोपायला जाणाऱ्याला आपण हसत नाही. श्वासासाठी मास्क लावणाऱ्याला हसायचेही कारण नाही. आंगणेवाडीच्या जत्रेला येणाऱ्यांनाही हेच सांगणे : कपड्यांच्या आधी यंत्र बॅगेत भरा.

पावसाळ्यात वीज जाते, ही आपली खरी अडचण. वीज गेली तरी मास्कला हवा बाहेर जाण्याची सोय असते, त्यामुळे माणूस कोंडला जात नाही. फक्त उपचार थांबतो. घरात इन्व्हर्टर असेल तर यंत्र त्यावर चालते का, हे विक्रेत्याला आधीच विचारून घ्यावे. आपल्या दमट हवेत नळी आणि मास्कला बुरशी लागू नये म्हणून ते साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत नीट सुकवावेत. सुरुवातीचे पंधरा दिवस त्रासाचे असतात. नाक चोंदते, मास्क टोचतो, हवा निसटते. बहुतेक तक्रारी मास्कचा आकार किंवा दाब बदलून सुटतात. म्हणून यंत्र परत करण्याआधी डॉक्टरला एकदा भेटावे.

आपल्याला आहे का, हे कसे ओळखावे?

कॅनडातील टोरांटोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये आठ प्रश्नांची एक सोपी यादी तयार केली. ती जगभर वापरली जाते. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतके मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा किंवा पेंग असते का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? वजन बरेच जास्त आहे का? वय पन्नासच्या वर आहे का? गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त, म्हणजे शर्टाची कॉलर साधारण सोळा इंच आहे का? पुरुष आहात का? तीन ‘हो’ आले तर डॉक्टरशी बोलावे. पाच किंवा अधिक आले तर टाळाटाळ करू नये. आपल्या लोकांत जबडा लहान आणि पोटाभोवती चरबी जास्त, अशी ठेवण असल्याने वजन फारसे नसतानाही हा आजार आढळतो. ‘मी कुठे जाडा आहे?’ या समाधानात राहू नये.

या यादीतला तिसरा प्रश्न साक्षीदाराचा आहे आणि इथेच आपल्या जिल्ह्यातल्या स्त्रिया मागे पडतात. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. नोकरीसाठी पुरुष बाहेर असल्याची ती खूण. मासिक पाळी गेल्यावर स्त्रियांतही स्लीप अॅप्नियाचे प्रमाण वाढते. पण मर्डे किंवा देऊळवाड्यातल्या घरात एकटी झोपणाऱ्या बाईचे घोरणे ऐकणार कोण? शिवाय बाईने घोरणे सांगायचीही लाज. तिच्या तक्रारी वेगळ्या असतात : झोप मोडते, सकाळी डोके दुखते, अंगात त्राण नाही, उगाच धडधडते. त्यावर टॉनिक किंवा झोपेची गोळी दिली जाते. झोपेच्या काही गोळ्यांनी श्वासाचा अडथळा वाढू शकतो. अशा वेळी मोबाइल उशाशी ठेवून तासभर आवाज रेकॉर्ड करावा आणि तो डॉक्टरला ऐकवावा. साधा उपाय आहे, खर्च काही नाही.

गावपातळीवर सुरुवात रक्तदाबाच्या पट्ट्याने करावी. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत होते. तिथे आशाताईंनी किंवा डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे : मी घोरतो, माझा श्वास थांबतो असे घरचे म्हणतात. संशय बळकट असेल तर पुढे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवून झोपेच्या तपासणीची दिशा ठरवता येते. ही तपासणी आता दरवेळी दवाखान्यात झोपूनच करावी लागते असे नाही. अनेकांत बोटाला, नाकाला आणि छातीला जोडलेले एक छोटे यंत्र घरच्या अंथरुणावर रात्रभर लावून ती होते. हृदयविकार, फुप्फुसाचा जुनाट आजार किंवा पक्षाघात झालेल्यांना मात्र मोठ्या रुग्णालयात पूर्ण तपासणी लागू शकते.

सीपॅप यंत्राची किंमत तीस-चाळीस हजारांच्या घरात आणि पुढे जाते. मासळी किंवा शेतीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. म्हणून तपासणीविना कुणाच्या सांगण्यावरून यंत्र विकत घेऊ नये. दाब ठरवून, काही दिवस भाड्याने वापरून मग निर्णय घ्यावा. सौम्य आजारात सीपॅपशिवायही बरेच करता येते. अनेकांचा श्वास उताणे झोपल्यावरच जास्त अडतो. त्यांनी कुशीवर झोपावे. संध्याकाळनंतर दारू नको. तंबाखू-विडी नको. नाक कायम चोंदलेले असेल तर त्यावर उपचार घ्यावेत. वजनाचा परिणाम तर मोजलेला आहे : २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात वजन दहा टक्के घटल्यास श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्के घटल्याचे दिसले. ऐंशी किलोच्या माणसाने आठ किलो उतरवणे म्हणजे रात्रीच्या शंभर बुड्यांतल्या पंचवीस कमी करणे. जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी काहींना उपयोगी पडते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपेटाइड हे वजन घटवणारे इंजेक्शन स्थूल रुग्णांतील मध्यम ते तीव्र स्लीप अॅप्नियासाठी मंजूर झाले. ते महाग आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे आहे.

प्रत्येक घोरणारा माणूस आजारी नसतो, हेही ध्यानात ठेवावे. सर्दी झाली, फार दमलो, उताणे झोपलो की कुणीही घोरतो. सावध व्हायचे ते तीन गोष्टी एकत्र आल्यावर : रोजचे मोठे घोरणे, मध्ये पडणारा खंड आणि दिवसाची पेंग किंवा न उतरणारा रक्तदाब. यांतली मधली गोष्ट झोपणाऱ्याला कधीच कळत नाही. ती फक्त शेजारी जागे असलेल्या माणसाला कळते. म्हणून पुढच्या वेळी रक्तदाब तपासायला याल, तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी आणा आणि रात्री तुमच्या श्वासाची वाट बघत जागणाऱ्या माणसालाही सोबत आणा. त्या माणसाच्या दोन वाक्यांनी तपासणीचे निम्मे काम होते.